मदत हवी आहे: बायपोलर असल्याचं ऑफिसात सांगायचंय, मेलमध्ये काय लिहू?

पहाटवारा (सोमवार, रात्री ११:४०)
बायपोलर आहे, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या लाटांचा मानसिक आजार. ऑफिसात उघड सांगायचं ठरलंय, तेव्हा "सांगू की नको" यावर कृपया सल्ले नकोत. उद्या दुपारी मॅनेजरबरोबर मीटिंग आहे, त्याआधी मेल जायला हवा. काय लिहायचं, कुणाला पाठवायचा आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं का, एवढंच सांगा. घाई आहे.

कोकणकडा (११:५२)
सरकारी की खासगी? आजार तुमचा की घरच्या कुणाचा? आणि मागायचं काय आहे? नुसतं "मला हे आहे" असं कळवलं की समोरच्याला काय करायचं ते उमगत नाही. मग तो आपल्या मनाने ठरवतो आणि बहुतेकदा महत्त्वाचं काम काढून घेतो, तेही काळजीपोटी.

पहाटवारा (११:५८)
खासगी, आयटी, पुणे. माझाच. मागायचं काय म्हणजे? रात्रपाळी नको, बस.

कोकणकडा (मंगळवार, ००:१०)
मग तेच मेलचं पहिलं वाक्य करा. बायपोलरमध्ये झोप मोडणं हे उन्मादाची लाट येण्याचं ठळक कारण आहे, त्यामुळे मागणीला वैद्यकीय आधार आहे. पण "रात्रपाळी नको" एवढं पुरत नाही. फिरती पाळी, रिलीजच्या रात्रीचं जागरण, ऑन-कॉलचा फोन, अमेरिकेबरोबरचे साडेदहाचे कॉल हे सगळं रात्रपाळीत धरलं जात नाही. वेळ आकड्यात लिहा: "रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात काम नको."

तिसरी_घंटा (००:२१)
आजाराचं नाव लिहू नका. "वैद्यकीय कारणामुळे ठरावीक झोप आवश्यक" एवढ्यावर काम होतं. मेल एकदा गेला की तो कुणाकुणाला फॉरवर्ड होईल हे आपल्या हातात राहत नाही.

पहाटवारा (००:२४)
पहिल्याच ओळीत लिहिलंय. नाव लपवायचं नाहीये.

आरस्पानी (००:३३)
लपवायची गरजही नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मधल्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिलाय. एचआर कुणाला सांगूच शकत नाही.

तिसरी_घंटा (००:४१)
हे चूक आहे आणि लोक याच भरवशावर फसतात. कलम २३ची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर आहे. डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय एचआरला माहिती देऊ शकत नाहीत, पण तुम्ही स्वतः एचआरला सांगितलंत तर तिथे ते कलम कामाला येत नाही. म्हणून मेलमध्येच लिहायचं: "ही माहिती फलाण्या दोघांपुरती ठेवावी, टीमला मी स्वतः सांगेन."

कोकणकडा (००:५०)
हे मान्य. एचआरसाठी आधार दुसऱ्या कायद्याचा घ्या: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. त्याच्या अनुसूचीत मानसिक आजार आहे. कलम ३मध्ये भेदभावाला मनाई आणि वाजवी सोयींची तरतूद आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे, कलम ३ला नाही. कलम २१प्रमाणे कंपनीचं समान संधी धोरण असायला हवं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकारी नेमलेला असतो. आत्ताच इंट्रानेटवर शोधा. मेल त्याला आणि एचआरला पाठवा, मॅनेजरला प्रत.

जुनं_खोड (०६:४५)
मेडिक्लेमचं पण बघा. वैयक्तिक पॉलिसी घ्याल तेव्हा फॉर्मवर आजार लिहाच. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने. लपवलंत तर ६० महिने पुरे होईपर्यंत त्या कारणाने क्लेम नाकारता येतो, आणि फसवणूक ठरली तर त्यानंतरही. २०१७च्या कायद्याचं कलम २१(४) मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्यायला सांगतं, पण बहुतेक पॉलिसींमध्ये ओपीडीचा खर्च मिळत नाही.

पहाटवारा (०७:३०)
विम्याचं विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. धोरण सापडलं, संपर्क अधिकारी आहे. सर्टिफिकेटचं कुणीच बोललं नाही. आणि तपासणीला जावं लागतं त्याचं काय?

आरस्पानी (०७:४२)
कसली तपासणी? बायपोलरवरचं लिथियम हे औषध चालू आहे का?

पहाटवारा (०७:४४)
हो. रात्री ९ला घेते.

आरस्पानी (०७:५८)
मग हे मेलमध्ये हवंच. रक्तातली लिथियमची पातळी म्हणजे लेव्हल बघायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, म्हणजे तुमचं सकाळी ९ला. ऑफिस गाठायचं म्हणून ७ला दिलंत तर आकडा थोडा चढा येतो. सकाळीही गोळी घेणारे कुणी वाचत असतील तर रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतलीत तर लेव्हल खोटीच वाढलेली दिसते आणि डोस विनाकारण कमी होतो. तेव्हा "दर तीन महिन्यांनी एकदा सकाळी ११ला येईन" असं लिहा.

जुनं_खोड (०८:०५)
तीन कशाला, सहा महिन्यांनी करतात.

आरस्पानी (०८:१२)
पहिल्या वर्षी तीनच. नंतर स्थिर असेल तर सहा. वय जास्त असेल किंवा किडनीचा प्रश्न असेल तर पुढेही तीनच. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सहा महिन्यांनी. आणखी एक, ऑफिसच्या औषधपेटीत आयब्युप्रोफेन असतं. ते लिथियमची लेव्हल वाढवतं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

जुनं_खोड (०८:२०)
निर्जळी एकादशीचंही तेच. पाणी आणि मीठ दोन्ही घटलं की किडनी लिथियम धरून ठेवते. उलट्या, जुलाब, हाताची जाड थरथर, बोलणं जडावणं अशी लिथियम अंगात जास्त झाल्याची लक्षणं दिसली तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना.

तिसरी_घंटा (०८:३१)
धागा एकादशीला पोचला, मीटिंग दुपारी आहे. सर्टिफिकेट: जुना केसपेपर किंवा प्रिस्क्रिप्शन स्कॅन करून जोडू नका. त्यावर औषधांचे डोस असतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एफ३१ असा आजाराचा कोड असतो, कधी मागच्या अ‍ॅडमिशनची तारीखही. नाव सांगणं वेगळं, अख्खा इतिहास हवाली करणं वेगळं. डॉक्टरांकडून चार ओळींचं नवं पत्र घ्या: उपचार नियमित आहेत, काम करण्यास सक्षम आहे, ठरावीक झोप आवश्यक, किती काळासाठी. आज मिळणार नसेल तर "आठवड्यात देते" असं लिहा.

पहाटवारा (०९:१५)
असं लिहिलंय:

"मला बायपोलर डिसऑर्डर आहे आणि माझे उपचार नियमित चालू आहेत. झोपेची वेळ मोडू नये म्हणून रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात पाळी, कॉल किंवा ऑन-कॉल काम नसावं. दर तीन महिन्यांनी एकदा रक्ततपासणीमुळे ११ला येईन. माझ्या कामाचं स्वरूप बदलू नये. डॉक्टरांचं पत्र आठवड्यात देते. ही माहिती तुम्हा तिघांपुरती ठेवावी, टीमला मी स्वतः सांगेन. माझ्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

तिसरी_घंटा (०९:२२)
शेवटचं वाक्य काढा. क्षमा मागण्यासारखं यात काही नाही. त्याजागी "तीन महिन्यांनी या व्यवस्थेचा आढावा घेऊ" असं लिहा आणि तारीख घाला. नाव लिहू नका म्हणालो होतो, पण या मजकुरात ते नीट बसलंय.

कोकणकडा (०९:२५)
मीटिंग झाल्यावर ठरलेल्या गोष्टी मेलवर लिहून पाठवा, आजच्या आज.

पहाटवारा (०९:४०)
वाक्य काढलं, तारीख घातली. पाठवला.