मदत हवी आहे: फेरेटला दाण्यांवरून कच्च्या मांसावर कसं आणू?

मंडळी, कोथरूडला राहते. घरी दोन फेरेट (मुंगसासारखे दिसणारे, मांसाहारी पाळीव प्राणी), दोघंही 3 वर्षांचे. लहानपणापासून मांजराचे कोरडे दाणेच खाल्लेत, आता कच्चं चिकन सुरू करायचंय. धाकटी निदान कलेजी चाटते. थोरला मानेचा तुकडा सोफ्याखाली नेऊन लपवतो (वासावरून तिसऱ्या दिवशी कळलं!). उपाशी ठेवून वठणीवर आणणं शक्य नाही, यांचं पोट 3-4 तासांत रिकामं होतं. दाणे भिजवून खिमा कालवला, तर पठ्ठ्याने दाणे तेवढे वेचून खाल्ले. कोणी ही सवय मोडली आहे का? किती आठवडे लागले? आणि हाडासकट खिमा करून देणारा चिकनवाला कर्वेनगरपर्यंत कुठे आहे का? आमचा नुसता हसतो. उन्हाळ्यात कच्चं मांस वाटीत किती वेळ ठेवता?