मदत हवी आहे: आरएक्स १००, कार्ब (कार्ब्युरेटर) साफ करूनही पाव मुठीला दबते. जेट बदलू का?

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९४ ची, बाबांची. मी वाईला असतो. बाबा गेल्यानंतर गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीत बाहेर काढली आणि ठरवलं की जमेल तेवढं काम घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं करायचं. बाबाही तसंच करायचे. त्यामुळे ‘गॅरेजला टाका’ हा सल्ला शेवटी द्या, आधी कुठे चुकतंय ते सांगा.

त्रास असा. गार असताना चोक ओढून दुसऱ्या किकला चालू होते. स्लोवर ठीक उभी राहते. पण निघताना मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) पाव भाग फिरेपर्यंत गाडी दबते, आता बंद पडते की काय असं वाटतं, आणि मग एकदम उठते. पाऊण मुठीच्या पुढे ओढ झकास. सात-आठ किलोमीटर पळून तापली की दुसरंच सुरू होतं: मूठ सोडली तरी रेस लगेच बसत नाही, चार-पाच सेकंद वरच राहते. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरट. चॉकलेटी हवं, एवढं मला कळतं.

आतापर्यंत केलेलं काम सांगतो.

कार्ब मिकुनी कंपनीचाच, मॉडेल व्हीएम २०. बाऊल (कार्बची खालची वाटी) उघडला तर तळाला हिरवट गोंदासारखा थर आणि त्यात गंजाचे कण. टाकी आतून दोनदा धुतली, कॉक बदलला. पायलट जेट (कमी मुठीला इंधन सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढून खिडकीच्या उजेडाकडे धरला तर आरपार काहीच दिसेना, पूर्ण बुजलेला. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये ठेवला, सकाळी विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस हलकेच आरपार घातला. टाचणी किंवा स्टीलची तार मुद्दाम वापरली नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेटवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. नंतर उजेडाचा बारीक गोल ठिपका स्वच्छ दिसला. बॉडीतली सगळी भोकंही स्प्रेने मारली, एका भोकातून मारलं की दुसरीकडून फवारा येतो की नाही हे पाहत. फ्लोटच्या नीडलवर गोल खाच पडली होती, किटमधली नवी बसवली. स्लाईडची नीडल (मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई) मधल्या खाचेवर. एअर स्क्रू पूर्ण बसवून दीड फेरा बाहेर.

मेन जेटवर (जास्त मुठीला इंधन सोडणारा) ११० कोरलंय. कंपनीचा की मधे कुणी बदललेला, कळायला मार्ग नाही.

आता माझा तर्क. पंपावर मिळतं ते ई-२०. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, आपल्या कार्बचं भोक मात्र आहे तेवढंच. म्हणून गाडी लीन (हवा जास्त, इंधन कमी) चालतेय आणि पायलट, मेन दोन्ही जेट एक-एक नंबर वर न्यावेत असं मला वाटतंय.

आणखी एक गोष्ट, कदाचित उपयोगी पडेल. रविवारी पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. तिथे गाडी वाईपेक्षा साफ चालत होती, दबणं जवळजवळ नाही. खाली उतरलो की पुन्हा तेच.

जेट मागवण्याआधी जाणत्यांनी सांगावं. टू-स्ट्रोक आहे, लीन चालून पिस्टन जॅम झाला तर बाबांच्या इंजिनाला बोअर करावा लागेल. ती वेळ येऊ द्यायची नाहीये.

प्रतिसाद:

आधी पाचगणीचं. वाईपेक्षा पाचगणी साडेपाचशे मीटर तरी उंच आहे. वर हवा विरळ, कार्ब तेवढाच, म्हणजे मिश्रण आपोआप थोडं रिच (इंधन जास्त) होतं. वर गाडी सुधारते याचा अर्थ खाली ती लीन आहे. तुमचं निदान इथपर्यंत बरोबर. घरीही एक खात्री करा: गाडी पूर्ण तापल्यावर चोक थोडा ओढून तीच पाव मूठ द्या. दबणं गेलं तर लीन पक्की.

पण लीन का, हा प्रश्न वेगळा आणि तुम्ही उत्तर देण्याची घाई करताय. नुसत्या ई-२० मुळे रेस चार सेकंद लटकत नाही. गाडी कुठून तरी हवा ओढतेय. जेट मोठा केलात तर दोष झाकला जाईल, भेग वाढत जाईल, आणि एक दिवस ती हायवेला जॅम होईल.

तपासायच्या जागा दोन. कार्ब आणि सिलिंडरच्या मधला रबर, आणि मॅग्नेट बाजूचं क्रँकचं ऑइल सील. रबर काढून हाताने वाकवून बघा, सरळ धरला तर भेग दिसत नाही. बसवलेला असताना बघायचं असेल तर स्लोवर ठेवून साबणाचं पाणी ब्रशने लावा, रेसमध्ये फरक पडला की तिथेच गळती. बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी मला ते पटत नाही.

दुसरा प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. एअर स्क्रूबद्दल एक, कारण इथे बरेच जण उलटं फिरवतात: या कार्बला तो हवेचा स्क्रू आहे. आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. बऱ्याच फोर-स्ट्रोकला हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे हिशेब बरोबर उलटा. स्क्रू एक फेरा इकडेतिकडे करूनही रेस बदलत नसेल तर पायलट अजून बुजलेला आहे किंवा हवा शिरतेय.

आणि दादा, पसरणी घाट उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून खालच्या गिअरवर सोडू नका. या गाडीचा ऑइल पंप मुठीच्या केबलला जोडलेला आहे. मूठ बंद म्हणजे तेलही कमी, आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. मधूनमधून थोडी मूठ देत उतरा.

धागाकर्ता, आठ दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. चोकची खात्री केली: अर्धा ओढल्यावर दबणं गायब. रबर काढून वाकवला आणि खालच्या अंगाला, जिथे नजर पोहोचत नाही तिथे, नखाएवढी भेग उघडली. बाहेरून नुसती रेघ वाटत होती, वाकवल्यावर पलीकडचा उजेड दिसला. कार्ब चार वेळा काढला-बसवला, दर वेळी हाच रबर हातात होता.

नवा रबर आणि गॅस्केट टाकलं. रेस लटकणं पूर्ण बंद, त्यामुळे ऑइल सील तूर्त सोडलंय. दबणं ऐंशी टक्के गेलं. मग नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल तेवढी वर आली. आता पाव ते अर्ध्या मुठीत गाडी लोण्यासारखी उठते. एअर स्क्रू आत-बाहेर करत रेस सगळ्यात चढते ती जागा शोधली, सव्वा फेऱ्यावर सापडली. पायलट जेट होता तोच ठेवला.

मेन जेटचा प्रश्न उरलाय. नवा प्लग लावून सुरूरच्या रस्त्याला पूर्ण मुठीवर थोडं पळवली, क्लच दाबून जागीच इंजिन बंद केलं आणि प्लग काढला. टोक फिकट तपकिरी, मला हवं त्यापेक्षा थोडं उजळ. ११५ चा जेट साताऱ्याहून आणलाय, पण पाकिटावर कंपनीचं नाव नाही आणि आकडा तिरका कोरलेला आहे. हा बसवावा की अस्सल मिकुनीचा येईपर्यंत ११० वर मूठ आवरून चालवावी? तोवर गाडी गावातच फिरवतोय.