उत्तर: सत्तर वर्षांचं आयुष्य आणि 8 अब्ज माणसं

एकांनी बायबलमधल्या स्तोत्र 90 चा दाखला देऊन विचारलंय : माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी, मग आता आयुर्मान वाढलं म्हणजे शास्त्रवचन खोटं पडलं का? अहो, वाढली ती सरासरी. 1950 च्या सुमारास जगाची सरासरी 46-47 होती, आता 73 च्या आसपास. त्या काळीही म्हातारी माणसं होतीच की! सरासरी खाली ओढत होती ती लेकरं. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली पाच. एकाचा तर घाईघाईनं घरातच बाप्तिस्मा केला, फादर पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. लस, स्वच्छ पाणी, सुईणीऐवजी नर्स, एवढ्यानं सत्तरी सामान्यांच्या आवाक्यात आली.

दुसरं, ‘फलद्रूप व्हा’ (म्हणजे भरपूर मुलं होऊ द्या) ही बायबलमधली आज्ञा ख्रिस्ती लोक शब्दशः पाळतात हा समज. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाला नकार दिला, पण इटलीत आज बाईमागे सव्वा मूलही नाही. आपल्याकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ख्रिस्ती समाजाचा जननदर (बाईमागे मुलं) 1.9 च्या आत आहे, गोव्याचा (सगळे धर्म धरून) 1.3. गंमत म्हणजे लोकसंख्येचा बागुलबुवा उभा करणारा माल्थस स्वतः पाद्री होता.

त्यामुळे जगाच्या 8 अब्ज लोकसंख्येपेक्षा मला काळजी वसईतल्या, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची वाटते. फादर कम्युनियन (पवित्र भाकर) घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातात, दार उघडायला ऐंशीची बाय, आणि मुलं कॅनडात.