मदत हवी आहे : फेम्टोसेकंद लेझरची फोकसवरची इंटेन्सिटी नेमकी कशी मोजायची?

नमस्कार मंडळी, मी परभणीकडचा, पीएचडी करायलोय. आमच्याकडं लेझर म्हणलं की सगळे हिंगोलीच्या लायगोबद्दलच (गुरुत्वीय लहरी टिपायचा प्रकल्प) विचारतात, पण तिथला लेझर सलग प्रकाश सोडणाऱ्या जातीचा, माझा ३५ फेम्टोसेकंदचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) पल्स सोडणारा, दुखणंच वेगळं.

सेटअप असा, ८०० नॅनोमीटर, १ किलोहर्ट्झ, पॉवर मीटरवर २०० मिलिवॅट म्हणजे पल्समागं ०.२ मिलिज्यूल, कॅमेऱ्यावर फोकसची त्रिज्या २० मायक्रॉन. गणितानं पीक इंटेन्सिटी (प्रकाशाची कमाल तीव्रता) दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८.५ × १०^१४ वॅट येते (गॉशियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या बीमचा तो २ चा गुणक आधी विसरलो होतो, दोन दिवस गेले). पण लेझरनं आर्गॉन वायूचे किती आयन झाले ते मोजून इंटेन्सिटी काढली तर आकडा जवळपास निम्माच निघायलाय!

आता चूक कुठं हेच कळंना. ऑटोकोरिलेटर (पल्स किती लांब ते मोजणारं यंत्र) व्हॅक्यूम चेंबरच्या बाहेर हाय, अन् खिडकीची काच मधी आली की पल्स ताणला जातो हे माहीत हाय, पण एवढा फरक पडंल का? शिवाय ऑटोकोरिलेटरवरच्या रुंदीला १.४१ नं भागायचं का १.५४ नं, म्हणजे पल्सचा आकार गॉशियन धरायचा का सेक स्क्वेअर (sech²), त्यावर लॅबात रोज भांडण. कॅमेऱ्याला फोकसभोवतीची फिकट ऊर्जा दिसत नसंल असंही वाटतंय.

कुणी हार्मोनिकच्या (लेझरच्या पटीतल्या वारंवारतेचा, वायूतून निघणारा प्रकाश) कटऑफवरून (३.१७ यूपीवालं; यूपी म्हणजे लेझरच्या लहरीत डुलणाऱ्या इलेक्ट्रॉनची सरासरी ऊर्जा) किंवा वर्तुळाकार पोलरायझेशनमधल्या इलेक्ट्रॉनच्या मोमेंटमवरून कॅलिब्रेशन केलंय का? फोकल व्हॉल्यूमची (फोकसभोवतीच्या जागेत इंटेन्सिटी सगळीकडं सारखी नसते, त्याची) सरासरी कशी धरली तेवढं सांगा राव, सर सोमवारी आकडा मागणारेत.