स्मिता पाटील: पहिल्यांदा कुठे पाहिलीत? आवडली का?

परवा घरात 'उंबरठा' लावला होता. अर्ध्यात भाचा म्हणाला, "छान काम करते, पण दिसायला काही खास नाही." त्याची आई उसळलीच. सिनेमा राहिला बाजूला, तासभर नुसतं नाक-डोळे-रंग. म्हणून विचारतोय. खरं खरं सांगा, 'महान अभिनेत्री' एवढंच म्हणून पळू नका.

• मी तिला सिनेमाच्या आधी पाहिलंय, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना. टीव्ही शेजारच्यांचा, आम्ही दारात. बातमी काय होती ते आठवत नाही, आवाज आठवतो. जरा जाडसर, घाई नसलेला. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हे पुढे कधीतरी वाचलं. खालचं काही दिसायचंच नाही, मग काय!

• माझा रंग तिच्यासारखाच. लग्नाच्या बाजारात त्याचे हाल काय होतात ते सावळ्या मुलींना विचारा. साय-बेसन चोळून चोळून आईचे हात दुखले. एका स्थळाकडची आत्या म्हणाली, "स्मिता पाटीलसारखी आहे हो," आणि नकार कळवला! म्हणजे पडद्यावर चालते, घरात नको. त्यानंतर 'जैत रे जैत' पाहिला. त्यातली ठाकराची चिंधी उन्हात डोंगर चढते तेव्हा तो रंग कातळाचाच वाटतो. साय-बेसन मी त्या आठवड्यात बंद केलं. (लग्न झालं, काळजी नसावी.)

• शिव्या खायची तयारी ठेवून सांगतो: मला ती सगळीकडे आवडत नाही. 'नमक हलाल'मधल्या पावसातल्या गाण्यात अमिताभ मजेत आहे आणि ती पाहुणी आल्यासारखी. धंदेवाईक सिनेमा तिला जमला नाही, हे कबूल करायला आपण घाबरतो, कारण ती ३१व्या वर्षी गेली.

• वरच्यांना: 'भूमिका' (१९७७) बघा. जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला. तेव्हा ही जेमतेम एकवीस-बावीसची, आणि अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत सगळं वय चेहऱ्यावर आणते. उगाच नाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

• दुसरा मिळाला 'चक्र'साठी. पण आमच्या कॉलेजात चर्चा पोस्टरची. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते, कारण तिला न्हाणीघरच नाही. पोस्टरवर मात्र फक्त आंघोळ उरली. त्यावर ती स्वतःही नाराज होती. आम्ही पोरं सिनेमाला त्या पोस्टरमुळेच गेलो, हेही सांगून टाकतो. बाहेर पडताना कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

• आमच्या आईला ती अजिबात खपायची नाही. "पडद्यावर बायकांच्या हक्काचं बोलते आणि स्वतः दुसरीचा संसार मोडते," हे ठरलेलं वाक्य. आधीच बायको असलेल्या ज्या नटाशी हिचं जुळलं, त्या राज बब्बरचं नावसुद्धा घ्यायची नाही, सगळा राग हिच्यावर. १९८६च्या डिसेंबरात धाकट्याच्या वेळी आई बाळंतिणीच्या खोलीत होती. १३ तारखेला स्मिता गेली, पदरात दोन आठवड्यांचं मूल. आजीने पेपर लपवला, बाळंतिणीला असलं कळू नये म्हणून. आठवडाभराने आईला तो रद्दीत सापडला. वाचला, घडी घातली आणि गादीखाली सरकवला. तिचं ते ठरलेलं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.