अपिलात नवा पुरावा दाखवता येतो का? भावाला जन्मठेप झाली आहे

परळची_ताई

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. खटला उपनगरातल्या सत्र न्यायालयात चालला, आता तो नाशिकरोड जेलमध्ये आहे. मुंबई हायकोर्टात अपील दाखल होऊन ॲडमिट झालंय (सुनावणीसाठी स्वीकारलंय), पण सुनावणीच्या बोर्डावर कधी येईल ते कुणी सांगत नाही.

खून होताना कुणी पाहिलेलं नाही. एक टपरीवाला म्हणतो की रात्री त्याने माझ्या भावाला मयताबरोबर पाहिलं. रुळांमागच्या झाडीतून पोलिसांनी कोयता काढला, त्याच्या पंचनाम्यातला एक पंच फितूर झाला. बाकी मोबाईलची लोकेशन. माझा भाऊ त्या रात्री भिवंडीच्या गोडाऊनमध्ये नाईट ड्युटीवर होता. गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याची येण्याची आणि सकाळी सुटण्याची नोंद आहे, सही आहे. ते रजिस्टर कोर्टात कधी आलंच नाही. आता तिथल्या जुन्या सुपरवायझरने त्या पानाचा फोटो पाठवलाय. मूळ वही मालकाकडे आहे.

आमचे वकील म्हणतात, अपिलात रेकॉर्डबाहेरचं काही चालत नाही, निर्दोष आहे म्हणून भांडू नका, आपण सरकारी पुराव्यातल्या त्रुटी दाखवू. मला हे सहन होत नाही. ज्याने केलंच नाही त्याने "पुरावा कमी पडला" एवढंच म्हणायचं? आई सारखी म्हणते, माझ्या पोराने हे केलं नाही असं कोर्टाने एकदा तोंडाने सांगावं. हे कुठल्या पायरीवर होतं? हायकोर्टात हरलो तर पुढे सांगता येईल का?

अपील_साइड

ताई, मी हायकोर्टात फौजदारी अपिलं चालवतो. तुमच्या वकिलांचं म्हणणं पूर्ण बरोबर नाही.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचं हे पहिलं अपील हक्काचं असतं. दोन न्यायमूर्ती सगळा साक्षीपुरावा नव्याने वाचतात. वाचतात मात्र पेपरबुकात (अपिलासाठी बांधलेल्या खटल्याच्या कागदांत) आहे तेच. बाहेरचं काही आणायचं तर कलम 432 खाली अर्ज करावा लागतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा; जुन्या सीआरपीसीत 391). कोर्टाला गरज वाटली तर ते स्वतः साक्ष नोंदवतं किंवा खालच्या कोर्टाला नोंदवायला सांगतं. हा अर्ज सहज मंजूर होत नाही. अजितसिंह राठोड प्रकरणात जानेवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की प्रयत्न करूनही खटल्यात जो पुरावा आणता आला नाही, किंवा जो नंतर उघड झाला, त्याच्यासाठीच हा अधिकार आहे. म्हणून शपथपत्रात लिहा: रजिस्टरबद्दल कुणाला कधी कळलं, ते कुणाच्या ताब्यात होतं, आधीच्या वकिलांना सांगितलं होतं का, आणि तेव्हा ते का आलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी आरोपीचा जो जबाब होतो, जुन्या कलम 313 चा, त्यात तुमच्या भावाने "मी कामावर होतो" असं म्हटलंय का? फक्त "खोटं आहे, माहीत नाही" अशी उत्तरं असतील तर न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असेल, हे आजच कसं सुचलं? आपण दुसरीकडे होतो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो आणि सुप्रीम कोर्ट तो फार कडक मोजतं (बिनय कुमार सिंह, 1997). पानाचा फोटो पुरणार नाही. मूळ वही हवी, ती लिहिणारा वॉचमन हवा, त्या महिन्याची पगाराची नोंद हवी.

आणि वहीच्याही आधी पेपरबुकातला सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीची कॉल आणि टॉवरची नोंद, उघडा. पोलिसांनी लोकेशनवर भर दिलाय ना, मग पूर्ण रात्रीचे टॉवर बघा, सोयीच्या दोन ओळी नकोत. त्यात भिवंडीचा टॉवर निघाला तर नव्या पुराव्याची परवानगीही मागावी लागणार नाही. सीडीआरला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलंय का तेही पाहा. ते लागतंच, हे खोतकर-गोरंट्याल निकालात 2020 साली ठरलंय.

त्रुटी दाखवण्याला कमी लेखू नका. नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावरच्या खटल्यात साखळीचा प्रत्येक दुवा सिद्ध व्हावा लागतो आणि आरोपी निर्दोष असण्याची शक्यताच उरता कामा नये, हे शरद बिरदीचंद सारडा निकालाने 1984 मध्ये घालून दिलंय. तुमचा टपरीवाला आणि तो फितूर पंच तिथेच तपासले जातील.

हायकोर्टानंतर वाट अरुंद होत जाते. सुप्रीम कोर्टात अपिलासाठी संविधानाच्या कलम 136 ची परवानगी लागते आणि दोन्ही कोर्टांचं मत एक असेल तर ते सहसा पुरावा पुन्हा तोलत नाहीत. मग त्याच कोर्टाकडे पुनर्विलोकन, मग 2002 पासूनची क्युरेटिव्ह, म्हणजे शेवटची दुरुस्ती याचिका. नवा पुरावा सापडला म्हणून अंतिम निकाल उघडून देईल अशी वेगळी सोय आपल्या कायद्यात नाही. जे काही असेल ते आता, याच अपिलात.

नाशिक_जिल्हा

साहेबांनी फाईल वाचायला सांगितलं ते फार खरं आहे. अंकुश मारुती शिंदे हे खुनांचं प्रकरण आमच्या जिल्ह्यातलं, जून 2003 चं. आरोपी भटक्या समाजातले सहा जण. नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, आणि 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाहींना फाशी सुनावली. पुनर्विलोकनही फेटाळलं गेलं. 2014 मध्ये नियम झाला की फाशीच्या पुनर्विलोकनाची सुनावणी खुल्या कोर्टात व्हायला हवी, म्हणून ते पुन्हा उघडलं. 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना सोडलं आणि सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले.

त्यात कुठलीही नवी वही सापडली नव्हती. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममध्ये दुसरीच चार माणसं दाखवली होती, आणि त्यांच्यावर खटलाच चालला नाही. सोळा वर्षं हे कागदांतच होतं. मला ते आठवलं की आजही झोप लागत नाही.

पश्चिम_रेल्वे_प्रवासी

11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांत आमच्या घरातलं माणूस माहीमला गेलं, म्हणून लिहितो. 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत, पण एक प्रकरण मिटलं असं वाटलं. 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, ती इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती. माणसांना परत आत जायला सांगितलं नाही. मी निकालाबद्दलच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचल्या. ओळख परेड घेणाऱ्याचा अधिकारच संपलेला होता, टॅक्सीवाल्यांनी तीन महिन्यांहून जास्त काळाने ओळखलं, कबुलीजबाब एकमेकांची नक्कल. मग 180 हून जास्त माणसं मारली कुणी? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की आमचा न्यायही तिथेच थांबतो. ताई, तुमच्या प्रकरणातल्या मयताच्या घरच्यांनाही खरा माणूस कोण हे कळायला हवं. जोर लावा.

परळची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

साहेब, जबाब काढून पाहिला. "मी रात्री भिवंडीला ड्युटीवर होतो, मला गोवलंय" असं त्याने स्पष्ट म्हटलंय. कुणी पुढे विचारलंच नाही. सीडीआरची पानं पेपरबुकात आहेत, पण टॉवरचे नुसते आकडे आहेत, गावांची नावं नाहीत.

अपील_साइड

मग तुमचं काम अर्ध्यावर आलं. त्या आकड्यांना सेल आयडी म्हणतात. कंपनीने दिलेली पत्त्यांची यादी आरोपपत्रासोबत असते, नसेल तर कोर्टामार्फत मागवा. कंपन्यांना हे रेकॉर्ड दोनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून याच आठवड्यात. वही मालकाकडून घेऊन घरी ठेवू नका, पुढे खाडाखोडीचा आरोप होईल. त्याला ती जपून ठेवण्याचं लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि कोर्टाकडून समन्स मागा. सोबत त्याच नव्या संहितेच्या कलम 430 खाली शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज. अपील वर्षानुवर्षं ऐकलं जाणार नसेल तर माणसाला आत ठेवणं न्याय्य नाही, हे काश्मिरा सिंग प्रकरणात 1977 पासून लिहून ठेवलंय.

आईंना काय सांगायचं ते खरं सांगतो. निकालात बहुतेक "गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही" एवढंच येईल. याने केलंच नाही असा दाखला देणारं कोर्ट नाही. चुकीने तुरुंगात गेलेल्यांच्या भरपाईसाठी विधी आयोगाने ऑगस्ट 2018 च्या 277 व्या अहवालात शिफारस केली, कायदा झालेला नाही. पण सीडीआर आणि वही दोन्ही टिकले, तर खंडपीठ तो भिवंडीला होता असं स्वतःचं निरीक्षण नोंदवू शकतं. अर्जात तेवढं नेमकं मागा. वकील तयार नसतील तर हायकोर्ट विधी सेवा समितीकडे जा. कैद्याला तिथे उत्पन्नाची अट नाही.