डिझेल गाडी घ्यावी का? आणि डीलरशी बोलावं कसं?

प्रेषक: ब्रिजवॉटरकर
मंगळवार, ४ ऑगस्ट २००९

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या यादीवर गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्येच हे घुसडतोय, खजिनदारांनी राग मानू नये. आमची १९९७ची मिनीव्हॅन आता फारच खायला लागली आहे. मला रोज येऊन-जाऊन ९६ मैल पडतात, बहुतेक सगळे न्यूजर्सीच्या टर्नपाईकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर. व्हॅन हायवेला गॅलनमागे जेमतेम २० मैल देते. सरकारने 'कॅश फॉर क्लंकर्स' काढल्यापासून घरात रोज तोच विषय. जुनी खटारा गाडी भंगारात द्या, कमी खाणारी नवी घ्या, ४,५०० डॉलरपर्यंत मिळवा.

शनिवारी फोक्सवॅगनची डिझेल जेट्टा बघून आलो. ऑटोमॅटिकच्या काचेवर शहरात २९ आणि हायवेला ४० असा आकडा आहे. चालवून बघितली आणि खरं सांगतो, जीव गेला तिच्यात. वडिलांची डिझेल जीप होती. निफाडहून लासलगावला कांदा न्यायची. सकाळी हीटरचा दिवा विझेपर्यंत किल्ली धरून बसायचं, मग ती खोकत उठायची. ही खोकत नाही, धूरही नाही, पण पाय दाबला की खालून जो रेटा येतो तो अगदी ओळखीचा.

अडचण भावाची. डीलर म्हणतो एक डॉलर कमी होणार नाही. उलट काचेवर छापील किमतीखाली दुसरा कागद डकवलाय, 'मार्केट ॲडजस्टमेंट' १,५०० डॉलर. म्हणजे काय, तर लोक घेतायत म्हणून. जाणकारांनी सांगावं.

---

प्रेषक: पार्सिपनीकर काका
मंगळवार, ४ ऑगस्ट

चि. ब्रिजवॉटरकर,

जीव जाऊ द्या, पण आधी पेन्सिल घ्या. मी ऐंशीच्या दशकात एक डिझेल हॅचबॅक पाच वर्षं वापरली. ॲव्हरेज झकास. पण जानेवारीत रात्रभर उघड्यावर राहिली की डिझेलचा साबुदाणा व्हायचा. आता हिवाळ्याचं डिझेल वेगळं मिळतं, तो त्रास बराच गेला. हिशेबात मात्र लोक तेव्हाही चुकत होते आणि आताही चुकतात.

तुमचे वर्षाचे दिवस २४० धरले तर २३,०४० मैल. डिझेलने ४० दिले तर ५७६ गॅलन. २.६०च्या भावाने सुमारे १,५०० डॉलर.

आता तीच जेट्टा पेट्रोलवर. हायवेला २९, म्हणजे ७९४ गॅलन, २.४५ने १,९४५. वर्षाला साडेचारशे वाचले. सारख्याच सजावटीची डिझेल गाडी सुमारे २,००० डॉलरनं महाग आहे, त्यातून टॅक्स भरताना १,३०० परत मिळतात (फॉर्म ८९१०, विसरू नका, माझा भाचा विसरला होता). उरले ७००. दीड वर्षात वसूल. वा!

पण शेजारच्या होंडाच्या शोरूममध्ये जा. साधी ऑटोमॅटिक सिव्हिक तुम्हाला टर्नपाईकवर ३४ तरी देईल. ६७८ गॅलन, १,६६० डॉलर. डिझेलपेक्षा फक्त १६० जास्त. आणि गाडी किमान चार हजारांनी स्वस्त. १,३०० वजा केले तरी वसुलीला सतरा वर्षं लागतील. तेव्हा 'डिझेल परवडतं का' या प्रश्नाला उत्तर नाही. कशाच्या पुढ्यात परवडतं ते विचारा.

दुसरं, देशात सरकार डिझेल स्वस्त ठेवतं म्हणून आपल्या डोक्यात डिझेल म्हणजे स्वस्त. इथे उलटं आहे. पेट्रोलवर संघराज्याचा कर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४. गेल्या वर्षी जुलैत अमेरिकाभर पेट्रोल ४.११ला गेलं होतं, तेव्हा डिझेल ४.७६ होतं. आज जवळजवळ बरोबरीत आहेत म्हणून हुरळू नका.

तिसरं, जायच्या-यायच्या वाटेवर गाड्यांना डिझेल देणारा पंप कुठे आहे तो आधी हेरा. ट्रकच्या पंपाची नळी जाडी असते. आणि आपल्या न्यूजर्सीत पंपावरचा पोऱ्या भरतो, आपण खाली उतरत नाही. मोठ्याने 'डिझेल' म्हणा आणि त्याने कोणती नळी उचलली ते बघा. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर वाचलेले सगळे पैसे एका दिवसात परत जातील.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर
बुधवार, ५ ऑगस्ट

काका, तुमच्या पेन्सिलीला टोयोटाची हायब्रिड (पेट्रोल-बॅटरीवाली) प्रियस दिसली नाही? २०१०चं मॉडेल आलंय, हायवेला ४८. तुमच्याच भावाने ४८० गॅलन, ११७६ डॉलर. डिझेलपेक्षा तीनशेनं कमी, आणि वास नाही.

— प्लेन्सबरोच्या वहिनी (प्रियस, ७१,००० मैल, तक्रार शून्य)

---

प्रेषक: पार्सिपनीकर काका
बुधवार, ५ ऑगस्ट

वहिनी, दिसली. पण ब्रिजवॉटरकरांचा जीव तिच्यात जात नाहीये, त्याला पेन्सिल काय करणार.

---

प्रेषक: एडिसनकर
बुधवार, ५ ऑगस्ट, रात्री ११.४०

कोणती गाडी हा वाद तुमचा चालू द्या. मी भावाचं सांगतो, कारण या देशात पाच गाड्या घेतल्या आणि पहिल्या दोन वेळा व्यवस्थित गंडलो.

पहिल्या वेळची गोष्ट. विक्रेत्याने कोरा कागद घेतला, मध्ये एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार घरं. एकात गाडीची किंमत, एकात माझ्या जुन्या गाडीचे पैसे, एकात डाउन पेमेंट, एकात महिन्याचा हप्ता. मग विचारलं, "महिन्याला किती जमेल?" मी भोळेपणाने ३०० सांगितले. झालं! नंतरचा पाऊण तास तो सारीपाट खेळल्यासारखा या घरातलं त्या घरात करत राहिला. जुन्या गाडीला ५०० वाढवले की मी खूश, पण तेवढेच नव्या गाडीत मिसळलेले. शेवटी हप्ता २९८ आला. मी जिंकलो असं वाटून घरी आलो. मुदत ४८ची ६० महिने झाली होती ती आठवड्याने बायकोने वाचली.

मधूनमधून तो "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून जायचा. मॅनेजरची खोली काचेची. मला दोघं स्वच्छ दिसत होते. टीव्हीवर बेसबॉल चालू होता आणि ते डोनट खात होते. माझ्याबद्दल एक शब्द नाही. दहा मिनिटांनी घाम पुसत आला, म्हणाला, "फार भांडलो तुमच्यासाठी."

तेव्हापासून मी शोरूममध्ये भाव बोलतच नाही. शंभर मैलांच्या आतले सगळे डीलर काढायचे, पेनसिल्व्हेनियातलेसुद्धा. प्रत्येकाच्या इंटरनेट विभागाला एकच मेल: अमुक मॉडेल, अमुक गिअर, रंग कोणताही चालेल, सगळ्या फिया धरून शेवटचा आकडा लिहून पाठवा. हप्ता नको, व्याज नको, 'या, बसून बोलू' नको. निम्मे उत्तरच देणार नाहीत. चौघं "कधी येता?" विचारतील. दोघं-तिघं आकडा लिहितील. त्यातला सगळ्यात खालचा आकडा बाकीच्यांना पाठवायचा. बस.

'आम्हालाच गाडी एवढ्याला पडली' म्हणून इनव्हॉईसचा कागद दाखवला तर गहिवरू नका. गाडी विकली की कंपनीकडून डीलरला त्यावरही थोडे परत मिळतात, ते त्या कागदावर नसतात.

डिझेल जेट्टा सध्या कमी येतायत, त्यामुळे छापील किमतीच्या फार खाली कुणी उतरेल असं वाटत नाही. पण तो वरचा १,५००चा कागद फाडायला लावा. त्याला सरकारी, कंपनीचा, कसलाही आधार नाही. रंगाचा हट्ट सोडलात तर छापील किमतीला गाडी मिळेल.

क्लंकरचं. अट अशी की जुन्या गाडीचं शहर-हायवे मिळून ॲव्हरेज १८ किंवा कमी हवं. तुम्हाला किती वाटतं किंवा पंपावर किती आलं याला अर्थ नाही, ईपीएच्या (सरकारच्या पर्यावरण खात्याच्या) साइटवर काय लिहिलंय ते बघा. गेल्याच महिन्यात त्यांनी आकडे दुरुस्त केले आणि काही गाड्या एका रात्रीत बाद झाल्या. तुमच्या नावावर आणि सलग वर्षभर विमा उतरवलेली हवी, चालू हवी. नवी गाडी जुनीपेक्षा दहा मैल चांगली असेल तर ४,५००, चार ते नऊ असेल तर ३,५००. हे पैसे डीलर देत नाही, सरकार देतं, म्हणून भाव लेखी ठरेपर्यंत त्याचा उच्चारच करू नका. शिवाय भंगाराचा अंदाज डीलरने तुम्हाला सांगायचा असतो, त्यातले ५० तो ठेवू शकतो, वरचे तुमचे. हे कुणी आपणहून सांगत नाही.

आणि एक कागद पुढे येईल: सरकारकडून पैसे आले नाहीत तर ४,५०० गिऱ्हाईकाने भरावेत. त्यावर सही करू नका. नाहीतर दुसरा डीलर बघा.

फायनान्सच्या खोलीत जाण्याआधी आपल्या क्रेडिट युनियनचा (पतपेढीचा) व्याजदर खिशात ठेवा. तिथला माणूस सगळ्यात गोड असतो. रंगावरचं संरक्षण, काचेवर नंबर कोरणं, वाढीव वॉरंटी. मी आता "घरी विचारून सांगतो" एवढंच म्हणतो आणि घरी कुणालाच विचारत नाही.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर
गुरुवार, ६ ऑगस्ट

एडिसनकर, शतशः आभार. साइटवर आमची व्हॅन १७. नशीब. पण क्लंकर योजनेचे पैसे संपले म्हणतात ना?

---

प्रेषक: एडिसनकर
शुक्रवार, ७ ऑगस्ट

पहिले १०० कोटी डॉलर आठवड्यात उडाले. आज ओबामांनी आणखी २०० कोटींवर सही केली. पण घाई करा, हेही टिकणार नाहीत.

---

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक
शुक्रवार, ७ ऑगस्ट

सभासदांना विनंती: मोटारीच्या विषयावर या आठवड्यात भरपूर मेल आल्या, गणपतीच्या वर्गणीवर तीन. मोदकांची संख्या कळवायची आहे. उकडीचे हवेत की तळणीचे तेही लिहा.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर
शनिवार, २२ ऑगस्ट, रात्री

मंडळी,

घेतली. पांढरी, ऑटोमॅटिक. निळी हवी होती, पण रंगाचा हट्ट सोडला.

नऊ डीलरना मेल केली. पाच गप्प. दोघांनी फोन करकरून जेरीस आणलं. दोघांनी आकडे दिले, दोन्ही छापील किमतीच्या वर. एकाचा कागद दुसऱ्याला, दुसऱ्याचा पहिल्याला असं चार दिवस चाललं. आई नाशिकहून आली आहे, ती रोज विचारायची, "लिलाव कुठवर आला?" तिला हे सगळं लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, तुझे वडील एकाच व्यापाऱ्याच्या दारात माल उतरवायचे नाहीत, बाजारात ट्रॅक्टर उभा करायचा, चार जण बघून जाऊ देत, मग भाव फुटतो.

गुरुवारी बातमी आली की योजना सोमवारी रात्री ८ला बंद. मला वाटलं आता डीलर ताठ होणार. उलट पेनसिल्व्हेनियाचा माणूस नरमला, कारण त्याला गाडी आणि कागदपत्रं दोन्ही सोमवारच्या आत निपटायची होती. छापील किंमत २३,७९०, गाडी २३,४००ला ठरली. कागदांची फी २९९, ती काही केल्या सुटली नाही. वजा ४,५००. भंगाराचं मी विचारलं तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि आणखी १०० वजा केले. १९,०९९, वर कर आणि नंबरप्लेट. 'सरकारने नाही दिले तर' वाला कागद आला होता, परत सरकवला. एडिसनकर, उकडीचे एकवीस मोदक तुमचे.

काका, तुमच्या हिशेबाने मी चूकच केली आहे. सिव्हिक बघायला गेलोही होतो. बघून परत आलो.

एक सांगायचं राहिलं. व्हॅन आत नेली तेव्हा मी विचारलं, बघू का? मेकॅनिक हो म्हणाला. त्याने इंजिनातलं तेल सोडलं आणि त्या जागी पांढरट, पाकासारखं काहीतरी ओतलं. सोडियम सिलिकेट म्हणे, पुन्हा कुणी इंजिन वापरू नये म्हणून सरकारचा नियम. मग चालू करून रेस धरली. आधी नेहमीसारखीच चालली. मग खडखड, मग किंचाळल्यासारखा आवाज, धूर, आणि एकदम बंद. चार मिनिटंही लागली नसतील. बारा वर्षांत दोनदा फ्लोरिडा, एकदा नायगारा, आणि दर वर्षी मंडळाची मखरं. आई बाहेरच्या खुर्चीवरून उठून आली होती. "चालती गाडी मारतात होय रे?" एवढंच म्हणाली.

मग तिने मला आत पाठवून डॅशबोर्डवरचा गणपती काढून आणायला सांगितला. बारा वर्षं चिकटलेला, स्क्रूड्रायव्हर घालावा लागला. नव्या गाडीसमोर नारळ फोडला, विक्रेत्याने जमीन पुसायला कागद आणून दिला आणि खोबऱ्याचा तुकडाही खाल्ला. नवा डॅशबोर्ड गोल उताराचा आहे, गणपती त्यावर बसत नाही. सध्या कप ठेवायच्या जागेत बसलाय, तोंड गिअरकडे.

घरी येईपर्यंत गाडीचा मीटर ४१ दाखवत होता. उद्या आरतीला घेऊन येतो. वहिनी, वास घेऊन बघा.